पोरांच्या सहलीला गेलेल्या विहिणी

विहीणबाई, तुम्ही गेल्याचं मला फोनवरच्या स्टेटसमधून कळलं. चाकूरच्या त्या तुमच्या लांबच्या भाचीनं तुमचा फोटो लावला होता, भोवती फुलांची चौकट आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी चहा गाळत होते. फोटो ओळखीचा वाटला म्हणून बोटांनी मोठा करून पाहिला. हेल्मेट तुमच्या काखेत होतं आणि डाव्या कडेला कुणाच्या तरी खांद्याचा तुकडा राहिला होता. तो खांदा माझा. फ्रान्समध्ये माकों नावाच्या गावी नदीच्या पुलावर आपण दोघींनी काढून घेतलेला तो फोटो, आणि कुणीतरी मला त्यातून नीट कापून काढलं होतं. कापणाऱ्याला मी बोल लावत नाही. श्रद्धांजलीच्या फोटोत दोन बाया कशा चालतील?

तोवर सगळं उरकलं होतं. अस्थी गोदावरीत गेल्या होत्या. सोयरिक असती तर पहिला फोन लातूरला आला असता, आणि आम्ही पोहोचेपर्यंत तुम्हाला हलवलं नसतं. विहीण येईस्तोवर थांबायची रीत आहे. पण पोरांचा काडीमोड झाला की विहीण ही विहीण राहत नाही, मग थांबायचं कुणासाठी? मला राग आला. तुमच्या घरच्यांचा नाही, तुमचाच आला. निदान कुणाला तरी सांगून ठेवायचं होतं, की माझं काही झालं तर लातूरला कळवा.

चहा तसाच राहिला. आमचे हे बाहेरून आले, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता त्यांनी गॅस बंद केला.

आपण नात्यात आलो ते तुमची ऋतुजा माझ्या अमोलला दिली म्हणून. नांदेडच्या कार्यालयात लग्न लागलं, आणि तेव्हा तुम्ही मला आवडला नव्हता. भारी बोलक्या. प्रत्येक पंगतीत येऊन विहीणबाई, आणखी घ्या, विहीणबाई, असं कसं. मी शिरूर अनंतपाळच्या शाळेत उभी हयात शिकवलेली, मला फार बोलणाऱ्या माणसाला गप्प बसवायची सवय. तुम्हाला गप्प बसवणं जमलं नाही. पुढे पोरं नोकरीसाठी फ्रान्सला गेली, लिऑन शहरात राहू लागली, आणि आपलं बोलणं संक्रांत-दिवाळीच्या फोनवर आलं.

मग एके दिवशी तुमचा फोन आला, आणि पहिल्यांदाच तुम्ही थोडं बोललात. पोरं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणालात. मला ठाऊक होतं, पण तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं. आपण दोघींनी जायचं ठरवलं. पुरुष माणसांना नेलं तर भांडण वाढेल, असं तुमचं म्हणणं. समजूत घालायला बाया पुरे.

लिऑनच्या त्या घरात समजूत घालायला जागाच नव्हती. दोन खोल्या, एका खोलीत माझा मुलगा, एका खोलीत तुमची मुलगी, आणि मधे सोफ्यावर आपण. भांडण दिसलं असतं तर सोडवलं असतं. तिथं भांडणच नव्हतं. दोघं एकमेकांना दार उघडून धरायची, आधी तू जा म्हणायची, आणि एक शब्द बोलायची नाहीत. असेच काही दिवस गेल्यावर ऋतुजानं टेबलावर कागद ठेवले. लग्नाच्या वाढदिवसासाठी त्यांनी सायकलची सहल ठरवून ठेवली होती. सायकली भाड्यानं, मुक्काम ठरलेले, द्राक्षांच्या मळ्यांतून निघून ज्युरा डोंगराच्या पायथ्यापर्यंत. आम्ही काही जात नाही, ती म्हणाली, तुम्ही दोघी जा. मला वाटलं चिडून म्हणाली. आता वाटतं, तिला घर थोडं मोकळं हवं होतं.

मी नाही म्हणणार होते. तुम्ही मात्र कागद उचलून विचारलंत, “रस्ता सपाट हाय का?”

तुम्हाला साखर निघाल्यापासून डॉक्टरांनी सायकल धरायला लावली होती आणि तुम्ही विष्णुपुरीच्या धरणाकडं रोज सकाळी रपेट मारायचात, हे मला तिथं कळलं. मी शाळकरी वयात गावाहून शिरूरला सायकलवर जायची, ती बापाची सायकल, दांड्याच्या खालून पाय घालून. मधली सगळी वर्षं कोरी. तरी विहिणीसमोर येत नाही कसं म्हणायचं?

पोरांची सहल आपण दोघींनी केली, विहीणबाई. त्यांच्या नावानं खोल्या राखलेल्या, त्यामुळे पहिल्या मुक्कामी गादीवर गुलाबाच्या पाकळ्या. तुम्ही त्या गोळा करून खिडकीत ठेवल्या आणि म्हणालात, उद्या देवाला होतील. तिथं देव कुठला हे मी विचारलं नाही.

शालों गावापासून माकोंपर्यंतचा तो रस्ता म्हणजे जुनी रेल्वेलाइन. रूळ काढून गुळगुळीत वाट केलेली, मोटारीला मज्जाव, दोन्ही बाजूंनी मळे. जुनी स्टेशनं तशीच ठेवलेली, कुठं चहापाण्याचं दुकान, कुठं कुणी राहतंय. चढ जवळजवळ नाहीच. कोणीही दिवसभरात आरामात पुढचं गाव गाठावं अशी वाट, आणि आपल्याला संध्याकाळ झाली. कारण मान. विहिणीनं विहिणीच्या पुढं व्हायचं नाही ही आपली रीत, आणि वाट तर एकामागं एक जायची. प्रत्येक वळणावर तुम्ही ब्रेक दाबून थांबायचात. व्हा पुढं, विहीणबाई. मी म्हणायची, छे, मुलीकडचे आधी. तुम्ही म्हणायचात, मुलाकडच्यांचा मान. मागून येणारी फ्रेंच मंडळी घंटी वाजवून वाजवून थकायची, आणि एक म्हातारा तर उतरून आपल्याला काही मदत पाहिजे का विचारू लागला. क्लुनी गावाच्या पुढं तो लांबलचक बोगदा आला, आत गार अंधार आणि मधेमधे दिवे. तिथं तुम्ही काही न बोलता पुढं घुसलात. बाहेर आल्यावर मी विचारलं, आता कसा मान सोडलात? “आत काय हाय ते आधी मी बघावं म्हटलं. तुमाला कायी झालं तर तुमच्या घरी काय तोंड दाखवू?” त्यानंतर आपण पुढंमागं मोजणं सोडून दिलं.

मद्य चाखायला त्या तळघरात नेलं तेव्हा तुम्ही हसवून मारलंत. माणसं घोट घेत होती, तोंडात खुळखुळवत होती आणि बादलीत थुंकत होती. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, चूळच भरायची तर पाणी काय वाईट होतं. मी घोटभर चाखलं, खरं सांगते, आंबट लागलं. तुम्ही द्राक्षं मागितलीत. त्यांनी घडच्या घड आणून दिले. चव पाहून तुम्ही साल जाड आहे म्हणालात, बी मोठं आहे म्हणालात, आणि सगळे खाल्लेत. साखरेचं नाव काढलं तर ही फळाची साखर, फळाची लागत नसते. तुमच्याशी वाद घालणं अवघड होतं.

एका मुक्कामाचं घर दगडाचं होतं. जाड भिंती, वर लाकडी तुळया, सुंदर म्हणून त्याचे फोटो काढायला लोक येतात. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहिलात आणि आत येईनात. मला वाटलं चप्पल काढायची की नाही हा प्रश्न पडला. “दगडाच्या भिंतीखाली मला झोप येत न्हाई,” तुम्ही म्हणालात, एवढंच. मग मला आठवलं की तुमचं माहेर किल्लारी. भूकंपाच्या पहाटे तुम्ही सासरी होता म्हणून राहिलात, आणि तुमची आई दगडमातीच्या भिंतीखाली गेली. हे लग्नाआधी चौकशीत आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं, नुसती माहिती म्हणून. त्या उंबऱ्यात ती माहिती राहिली नाही. घरमालकीण बिचारी गोंधळली, तिला वाटलं खोली पसंत नाही. मी तिला हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला, जमीन हलते कशी ते दाखवलं, ती आणखी घाबरली. शेवटी तुम्हीच अंगणापलीकडची ट्रॅक्टरची शेड शोधलीत. वर पत्रा. त्याखाली पिंपं आणि औजारं. तुम्ही पत्र्याकडं पाहून इतकं समाधानानं हसलात की मालकिणीनं काही न विचारता गादी आणून टाकली. मी पण माझी गादी आणली. मला दगडाखाली झोप लागली असती, पण एकट्या तुम्ही शेडमध्ये झोपणार हे बरं दिसलं नसतं. तुम्ही आईविषयी थोडं बोललात. तिच्या हातचं येसर कसं असायचं ते सांगितलंत, मी आणलेल्या येसरात मोहरी जास्त आहे हेही सांगितलंत. त्या मसाल्यावर नुसतं उकळतं पाणी ओतून आपण तिथं रोज आमटी करत होतो आणि रोज तुम्ही नाव ठेवत होता.

आणि मग ते जेवण. त्याच्याविषयी मी तुमच्याशी कधी नीट बोलले नाही. तुम्हीही टाळलंत.

माकोंच्या पुढं आपण मोठी वाट सोडून मळ्यांतल्या रस्त्याला लागलो होतो. तोडणीचे दिवस. भर दुपारी अक्रोडाच्या झाडाखाली लांब टेबल मांडलेलं, तोडणीची सगळी माणसं जेवायला बसलेली. त्यातल्या एकानं हात वर केला. आपल्या दोघींच्या मनात एकच आलं, येळवस. आपल्याकडं वेळा अमावस्येला शेतात जेवण असतं, तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्याला हात करून बोलावतात, आणि बोलावल्यावर न जेवता पुढं जाणं हा त्या शेताचा अपमान. सायकली बांधाला लावल्या. नळावर हातपाय धुतले. तुम्ही बूट काढून ओळीनं ठेवलेत, मीही ठेवले. अनवाणी जाऊन आपण बाकाच्या कडेला बसलो आणि ताटाची वाट पाहू लागलो.

सगळं टेबल आपल्याकडं बघू लागलं. मग हळूहळू उमगलं की हात करणारा पुढं ट्रॅक्टर येतोय, थांबा, एवढंच सांगत होता. माझा चेहरा तापला, मी उठायला लागले. तुम्ही माझ्या मांडीवर हात दाबून मला बसवलंत. “बसा. रानात बसलेल्या मानसाला कोन उठिवतंय?” आणि खरंच कुणी उठवलं नाही. पांढऱ्या केसांची मालकीण उठली, दोन ताटल्या आणल्या, आपल्या पुढ्यात उकडलेले बटाटे आणि चीज वाढलं. तुम्ही लगेच पिशवीतून धपाटे काढलेत, शेंगदाण्याची चटणी काढलीत आणि टेबलावरच्या प्रत्येकाच्या ताटात तुकडा पडेल असं बघितलंत. चटणीनं दोघातिघांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग हसणं सुरू झालं.

मालकिणीनं खुणेनं विचारलं, बहिणी का? तुम्ही मान हलवलीत. बोटातली अंगठी दाखवलीत, माझी पोरगी म्हणून एक बोट वर केलंत, माझ्याकडं दाखवून माझा पोरगा म्हणून दुसरं, आणि दोन्ही बोटं एकमेकांत अडकवलीत. त्यांना कळलं. सगळ्यांना कळलं. मालकीण टाळ्या वाजवायला लागली, पेले भरले गेले, आपल्याही हातात दिले, आणि ती पंचवीस-तीस माणसं उभी राहून आपल्या पोरांच्या लग्नाच्या नावानं प्याली. विहीणबाई, तिकडं लिऑनला ती दोघं दोन दारांच्या आड बसलेली आणि इथं परकी माणसं त्यांचं शुभ चिंतत होती. तुमची बोटं अजून अडकवलेलीच होती. ती सोडवायची कशी हे तुम्हाला कळेना. मी माझा पेला तुमच्या पेल्याला लावला आणि पिऊन टाकला. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा मद्याला ओठ लावलेत, पोरांसाठी.

निघताना मालकिणीनं दोघींच्या गालाला गाल लावला. आपण बूट घातले.

भांडण झालं ते दुसऱ्या दिवशी, डोंगराच्या पायथ्याला. तिथं सपाटी संपते आणि ज्युराची पहिली चढण लागते, रेव्हरमाँ म्हणतात त्या भागाला. उतारावर द्राक्षं, वर रान, मधे नागमोडी रस्ता आणि वरच्या टप्प्यावर त्रेफोर नावाचं गाव. पहिल्या वळणावर तुम्ही सुरुवात केलीत. धाप इतकी लागली होती की एका वळणाला एकच वाक्य व्हायचं. तुमच्या अमोलला घरात माणूस आहे हे दिसत नाही, तुम्ही म्हणालात. पुढच्या वळणाला मी म्हणाले, ऋतुजा एक गोष्ट मनात धरली की सोडत नाही. त्याच्या पुढच्याला तुम्ही, मुलाला कामं शिकवली नाहीत. मी, मुलीला शब्द गिळायला शिकवलं नाही. चढ जसा तीव्र झाला तसं भांडण आपोआप थंडावलं, कारण श्वासच पुरेना, पण दोघींनी एकमेकींना जे बोलायला नको ते बोलून झालं होतं. आपण उतरून सायकली ढकलत वर गेलो, रस्त्याच्या दोन कडांनी.

वर पोहोचल्यावर तुम्ही चर्चजवळच्या बाकावर बसलात आणि पाण्याची बाटली माझ्याकडं केलीत. खाली सगळं सपाट रान पसरलेलं, मळ्यांच्या रेघा. मी पाणी प्यायले. तुम्ही म्हणालात, “एक सांगू का, विहीणबाई?” तेवढ्यात बूट सैल झाले म्हणून वाकलात आणि म्हणालात, राहू द्या, उतारावर सांगते. उतारावर वाऱ्यात कुणाला काय ऐकू येतं? तुम्ही पुढं सुटलात, पायडल न मारता, कुर्ता फुगलेला. खाली आल्यावर विचारलं तर म्हणालात, काय सांगणार होते ते विसरले. तुम्ही काहीही विसरत नव्हता. इकडं परतल्यावर पुढं कधीतरी अहमदपूरला मी पुन्हा विचारलं, तेव्हाही टाळलंत. काय होतं ते, आता मला कोण सांगणार? कधी वाटतं माफी मागणार होता, कधी वाटतं आणखी एक ऐकवणार होता. तुमचा स्वभाव पाहता दोन्ही एका दमात झालं असतं.

पुढच्या वर्षी पोरं वेगळी झाली. कोर्टात दोघांनी एकमेकांविरुद्ध काही म्हटलं नाही. अमोल तिकडंच राहिला, ऋतुजा पुण्याला आली. माझी नणंद म्हणाली, तुटल्या सोयरिकीशी फोन कशाला करतेस, लोक काय म्हणतील. तुमच्याकडंही असंच कुणी म्हणालं असणार. मी ठरवलं होतं की तुमचा फोन आला तर उचलायचा, आपण होऊन करायचा नाही. तुमचा आला. काडीमोडाविषयी एक अक्षर नाही. म्हणालात, बालाघाटाच्या डोंगराला त्या रेव्हरमाँसारखाच चढ आहे, अहमदपूरला या.

अहमदपूर नांदेडहून तुम्हाला आणि लातूरहून मला, दोघींना एसटीनं सोयीचं. सायकली मोईनभाईंच्या गादीकारखान्यात ठेवायच्या ठरल्या. ते पिंजलेल्या कापसात बसलेले असायचे, आपल्याला पाहिलं की म्हणायचे, “दोनो आपा आ गये, हवा भरके रखी है.” आपण कोण, कुठल्या, एकमेकींच्या कोण लागतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं आपण? मला तेव्हा उत्तर येत नव्हतं, तुम्हालाही येत नसावं. एकमेकींना हाक मात्र विहीणबाई अशीच मारत राहिलो, कारण दुसरी हाक कधी शोधलीच नाही. शिरूर ताजबंदच्या बाजूनं वर जायचो, कुणाच्या तरी शेतात दशम्या खायचो, हरभऱ्याचे डहाळे मागून घ्यायचो. ऋतुजाची बढती तुम्ही सांगायचात, अमोल स्वयंपाक शिकला हे मी सांगायची. तुम्ही म्हणायचात, आता शिकला होय. मी हसायची. त्यात विष नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो चांगला काळ होता, विहीणबाई. म्हातारपणी मैत्रीण मिळते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तुम्हालाही हे कधी सांगितलं नाही. आपल्यात तसं बोलायची रीत नाही, पण तुम्ही तर रीत मोडून आधी बोलणाऱ्या, तुम्ही तरी बोलायचं होतं.

स्टेटस पाहिल्यापासून एकच डोक्यात होतं. तेराव्याला जायचं का? आणि जायचं तर दुखवटा न्यायचा का? सोयऱ्यांनी दुखवट्याचे कपडे आणायचे, ते घातल्याशिवाय घरचं सुतक मनातून फिटत नाही, असं आपण मानतो. लेकीच्या सासरचा दुखवटा म्हणजे मोठा मान. पण मी आता त्या घराची कोण? रिकाम्या हातानं गेले तर चार परक्यांसारखी परकी, घेऊन गेले आणि नाकारला तर तुमच्या घरात, तुमच्या माघारी, हे नातं सगळ्यांदेखत पुन्हा एकदा तुटणार. ऋतुजा काडीमोडानंतर माझ्याशी बोललेली नव्हती. तिचा राग माझ्यावर होता की अमोलवरचा माझ्यावर आला होता, मला ठाऊक नाही.

अमोलला फोन केला. त्याला तुमची बातमी सांगितली. तो म्हणाला, आई, तू जा, मला जाता येणार नाही पण तू जा. मी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन साडी घेतली, साधी, फिकी, आणि व्याह्यांना टॉवेल-टोपी. दुकानदारानं विचारलं कुणासाठी. विहिणीचा दुखवटा, मी म्हणाले. अनोळखी माणसाला सांगताना जीभ अडखळली नाही. एसटीत बसवताना हे म्हणाले, कुणी काही बोललंच तर उलट बोलू नको. माझा स्वभाव त्यांना माहीत.

तुमच्या विष्णुपुरीच्या अंगणात मांडव होता. मी बायकांत, अगदी मागं, भिंतीला टेकून बसले. पिशवी मांडीखाली सरकवली. व्याही मला पाहून उठू लागले, मी हातानंच बसा म्हटलं. सकाळी फिरून आलात, खुर्चीत टेकलात आणि तशाच राहिलात, असं शेजारची बाई सांगत होती. आयुष्यभर बोललात आणि जाताना कुणाला हाक नाही मारलीत.

तुमचे दीर आप्पा पुढं बसून एकेकाचा दुखवटा पुकारत होते. घरातल्या सगळ्या लग्नामौतीत तेच पुकारतात. माहेरचा म्हणाले, किल्लारीहून तुमचे भाऊ आले, कपडे दिले, व्याह्यांना टोपी घातली. मग आप्पांनी सवयीनं पुढचं पुकारलं, “लेकीच्या सासरचा.” म्हणून गेले आणि तोंड आवळून घेतलं. कुणी ऋतुजाकडं बघेना आणि त्यामुळेच सगळे तिच्याकडंच बघत आहेत असं वाटत होतं. मी पिशवी आणखी आत सरकवली. आता काढायची नाही, मी मनाशी म्हटलं, तिला आणखी लाजवायचं नाही. हळूच उठावं आणि मागच्या दारानं बाहेर पडावं असं ठरवलं. आप्पा घसा खाकरून पुढचं नाव घ्यायच्या बेतात होते.

“थांबा, आप्पा,” ऋतुजा म्हणाली. “त्या आल्यात. मागं बसल्यात.”

आप्पा गोंधळले. “पर पोरी, तुझं तर ते...”

“माझं मिटलं, आप्पा. आईचं कुठं मिटलं होतं?”

ती उठली आणि बायकांमधून वाट काढत माझ्याकडं आली. माझ्या मांडीखालून पिशवी तिनंच ओढून काढली, मला दंडाला धरून उठवलं, पुढं नेलं आणि पाटावर बसली. व्याह्यांना टोपी घातली. तिच्या खांद्यावर साडी टाकली, कुंकू लावलं, लापशीचा घास तिच्या तोंडाशी नेला. तिनं माझं मनगट धरून तो घास घेतला आणि मनगट सोडलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, “काकू, आई तुमच्याकडं निघाली की मला फोन करून सांगायची, आज मैत्रिणीकडं चालले.”

विहीणबाई, मी तिथं, आप्पांच्या पुढ्यात, तुमच्या सगळ्या सोयऱ्यांदेखत, मोठ्यानं रडले. आणि ही कोण, असं कुणी विचारलं नाही.